सिद्रामकाकानं बंदर ठरवलं

ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, असं बाबांनी आम्हा सगळ्यांना बजावलंय. "भावकी आधीच आपल्याला हसती," असं ते म्हणाले. पण गावाला अर्धी गोष्ट कळलेलीच आहे. आणि अर्धी गोष्ट पूर्ण गोष्टीपेक्षा वाईट असते, कारण उरलेली अर्धी लोक आपल्या मनानं घालतात. म्हणून हळू आवाजात पूर्णच सांगते.

सोलापूरच्या पुढं, जिथं उन्हाळ्यात कावळासुद्धा चोच मिटायची विसरतो, तिथं करडेवाडी म्हणून गाव आहे. त्या गावात सिद्राम बिराजदार नावाचा एक भोळा माणूस होता. म्हणजे अजून आहे. आत्ता अंगणात शेंगा निवडत बसलाय. गोष्टीत 'होता' म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. तो माझा सख्खा चुलता. तसे आमच्या घरात सगळेच थोडे थोडे त्याच्यासारखे आहेत. काका थोरला, म्हणून त्याच्या वाट्याला जरा जास्त आलं.

काका बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. दुसऱ्यांच्या लग्नांना आणि रसवंत्यांना त्यानं जन्मभर बर्फाच्या लाद्या पोचवल्या. संध्याकाळी महानंदाकाकूसाठी तो एक तुकडा गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधायचा आणि घरी निघायचा. कारखाना लांब, ऊन जबर. घरी नुसतं ओलं गोणपाट पोचायचं. काकू हसून म्हणायची, "अहो, जन्मात एकदा मला असा बर्फ बघायचाय, जो आपण जाईपर्यंत जागेवर असंल. तुमी आन् मी, शेजारी शेजारी उभं राहून."

काकाचा एक मोठा गुण होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. पुढचा सगळा घोटाळा त्या गुणामुळेच झाला.

काका नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा पुण्याहून सुवर्णाताईचा फोन आला. सुवर्णाताई म्हणजे काका-काकूंची एकुलती एक लेक.

"आप्पा, आईला आणि तुम्हाला मी हिमनदी बघायला पाठवतेय. अलास्काला. मोठ्या बोटीतून. बाकीचं सगळं माझ्यावर सोडा. कुठल्या बंदरातून निघायचं आणि कुठल्या वाटेनं जायचं, एवढं तुम्ही ठरवा."

"मी?" काका घाबरला. "अगं, घरात भाजी कुठली करायची ते पण मला कोण इचारत न्हाई."

"म्हणूनच तुम्ही ठरवा. आईला एकदा तरी वाटू दे, नवऱ्यानं काहीतरी ठरवलं. आणि हे बघा, तिला गाडी लागते. तेव्हा जवळचं बंदर बघा."

जवळचं बंदर. काकानं ते मनात पक्कं केलं. बाबांनी भिंतीवरचा नकाशा काढून दिला. काकानं करडेवाडीवर दोऱ्याचं टोक ठेवलं आणि दोरा फिरवत नेला. सगळ्यात जवळ निघालं रत्नागिरी. बाबा म्हणाले, "बरोबर." आता ते म्हणतात, मी असं म्हणालोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काका एसटीनं रत्नागिरीला गेला आणि मासळीच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिला. तिथला रखवालदार जाळ्याच्या ढिगावर बसून चहा पीत होता.

"हिमनदीची बोट कुठं लागती?" काकानं विचारलं.

रखवालदारानं बशी खाली ठेवली. "कसली?"

"हिमनदीची. दोन माणसं हायेत. मी आणि मंडळी."

"हां हां, हिमनदीची होय! आत्ताच गेली की. जाताना बांगडे सोडील, येताना बर्फ आणील." एवढं बोलून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. काका नम्रपणे थांबला. मग रखवालदारालाच वाईट वाटलं. "अहो आप्पा, जवळ आहे म्हणून कुठल्याही बंदरावर येतात का? गाडी असो नाहीतर बोट असो, ती कुठे जाते ते आधी नीट बघावं. मग पाय उचलावा."

"चुकलंच माझं," काका म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

परतीला तो रत्नागिरीच्या स्टँडवर आला. सोलापूरची गाडी लागलेली होती. पाटी होती, माणसं चढत होती. पण गाडी कुठे जाते ते आधी नीट बघायचं होतं. म्हणून काका बाकावर बसला आणि बघत राहिला. गाडी निघाली, वळली, फाटकाबाहेर गेली. पुढे झाडं आड आली. मग दुसरी गाडी आली. काकानं तीही बघितली. ती डावीकडे गेली. अंधार पडेपर्यंत काकानं रत्नागिरीहून सुटणारी एकूण एक गाडी नीट बघितली. शेवटी खिडकीतला कंट्रोलर बाहेर आला.

"ओ पावणे, केव्हापासून बघतोय तुम्हाला. कुठे जायचंय?"

"सोलापूरला."

"आणि तीन गाड्या तुमच्या नाकासमोरून गेल्या की! बसलात काय नुसते? देवानं तोंड कशाला दिलंय? गाडी दिसली की हात करायचा आणि विचारायचं, कुठं चालली, मधे कुठं थांबते, जागा आहे का!"

"चुकलंच," काका म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

रात्र त्याने बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी तो करडेवाडीच्या फाट्यावर उतरला आणि गावाकडे चालू लागला. समोरून एक गाडी आली. झेंडूच्या माळा सोडलेली, अगदी सावकाश. मागे बरीच माणसं चालत होती. वरच्या आळीचे पवार आजोबा त्या दिवशी सकाळी वारले होते. काका बाहेरगावी होता, त्याला कसं कळणार? पण गाडी तर दिसली होती. काकानं रस्त्याच्या मध्ये येऊन हात केला. गाडी थांबली.

"कुठं चालली?" काकानं विचारलं.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मधी कुठं थांबती का? दोन जागा मिळतील का? खिडकीजवळच्या असल्या तर बरं. मंडळींना गाडी लागती."

मागच्या माणसांत पवारांचा धाकटा मुलगा होता, तो मूठ वळून पुढे आला. पण तेवढ्यात माझे बाबा मध्ये पडले, काकाला बाजूला ओढलं आणि दात आवळून म्हणाले, "आण्णा, लाज आणली! अशा ठिकाणी गेलं की बोलायचं नसतं. हात जोडायचे, मान खाली घालायची, डोळ्याला पाणी आणायचं आणि गप उभं राहायचं. कुणी काही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही!"

"चुकलंच रे," काका हळूच म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

त्याच आठवड्यात सुवर्णाताईनं काकाला सोलापूरला पाठवलं. तिथं प्रवासी कंपनीच्या कचेरीत गड्डम मॅडम म्हणून होत्या. त्या नकाशा दाखवून सगळं समजावणार होत्या. काचेचं दार ढकलून काका आत गेला. भिंतीवर निळ्या बर्फाचा दारापेक्षा मोठा फोटो होता.

"या काका, या!" गड्डम मॅडम म्हणाल्या. "सुवर्णाताई बोलल्यात माझ्याशी. मग, कुठलं बंदर घ्यायचं?"

काकानं हात जोडले. मान खाली घातली. डोळ्यांत पाणी काही येईना, म्हणून मागच्या साली वीज पडून मेलेली आमची म्हैस त्यानं आठवली. मग धार लागली.

"अगंबाई! काका, काय झालं?"

काका गप्प.

"घरी सगळं ठीक ना? काकू... काकू बऱ्या आहेत ना?"

म्हैस अजून डोळ्यांपुढून हलली नव्हती. काकाला हुंदका आला.

गड्डम मॅडमनी त्याला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं, रिक्षात घालून स्टँडवर पाठवलं आणि पुण्याला फोन केला. "ताई, मन घट्ट करा. मला वाटतं, तुमच्या आई..."

सुवर्णाताईनं रडत रडत घरी फोन लावला. तो काकूनंच उचलला.

"कोण बोलतंय? आई गेली ना माझी!" सुवर्णाताई ओरडली.

"कुठं गेली?" काकू म्हणाली. "मी भाकरी थापतीया."

मग काय, त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलणं झालं ते मी सगळं सांगत नाही. काका उंबऱ्यावर बसून होता. तो स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाला, "बर्फ डोक्यावरनं वाहून वाहून डोस्कं गोठलंय माझं. लादी हाय लादी." आणि सगळ्यांच्या आधी तोच हसला. त्याचं हे असं असतं. त्यामुळे त्याच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

सुवर्णाताईनं फोनवर पुन्हा समजावलं. या खेपेला अगदी सावकाश.

"आप्पा, सिअ‍ॅटल सोडा. तिथली बोट बराच वेळ मोकळ्या समुद्रातून जाते, आईला सोसायचं नाही. राहिल्या दोन वाटा. एक, व्हँकुव्हरहून निघायचं आणि बेटांच्या आडोशानं वर वर जात अलास्कातल्या सीवर्डला उतरायचं. म्हणजे बर्फ शेवटी. दुसरी वाट उलटी. वर सीवर्डला विमानानं जायचं, तिथून बोटीत बसायचं आणि खाली व्हँकुव्हरला यायचं. म्हणजे बर्फ आधी. कळलं?"

"कळलं. शेवटी नायतर आधी."

"शाब्बास. आता आईला काय हवंय ते विचारा. तुम्हाला काय हवंय ते बघा. आणि दोघांचंही मन राखून ठरवा. आणि तिथं जाऊन रडू नका. हसत जा, हसत या."

"लक्षात ठेवतो," काका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घरात पुरणाची पोळी होती. जेवताना काकानं विचारलं, "महानंदा, तुला बर्फ आधी बघायचा का शेवटी?"

"आधी," काकू म्हणाली. "मी गोड नेहमी पहिल्या घासालाच खाते. नंतर पोटात जागा राहत न्हाई. तुमाला?"

"मला शेवटी. गोडाची चव तोंडात घेऊन उठावं माणसानं."

"मग ठरवा काय ते," काकू म्हणाली आणि त्याच्या पानात पोळी वाढली. ती मनात म्हणाली असेल, दोन्हीपैकी एक तर ठरवतील.

काका सोलापूरला गेला. जाताना हसत गेला. कचेरीत शिरला तोही हसत.

"ठरलं!" तो म्हणाला. "बायको वरून खाली येणार. मी खालून वर जाणार."

गड्डम मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे काका, दोघं दोन बोटींनी?"

"हो!"

"वेगवेगळे?"

"हो हो! दोघांचं मन राखायचंय ना!" आणि काका पुन्हा हसला.

मॅडमनी त्याच्याकडे निरखून बघितलं. परवा हा माणूस ढसाढसा रडत होता, पाणी पिऊनसुद्धा तोंड उघडत नव्हता. आज बायकोपासून वेगळं जायचं म्हणून दात दाखवतोय. लोकांच्या घरातल्या भानगडी, आपण कशाला विचारा, असं त्यांना वाटलं. त्यांनी मुकाट्यानं दोन वेगळ्या सहलींत दोन नावं घातली. काकानं घरी येऊन सांगितलं, "दोघांच्या मनासारखं झालं." काकूनं त्या रात्री देवापुढं साखर ठेवली.

निघायचा दिवस उजाडला. स्वेटर, कानटोप्या, शेंगाचटणी, कडक भाकरी, सगळं भरून झालं. मुंबईच्या विमानतळावर सुवर्णाताई आली होती. मीही गेले होते. कंपनीच्या माणसानं काकाच्या डोक्यावर लाल टोपी घातली आणि काकूच्या डोक्यावर पिवळी.

"माझ्या साडीला लालच शोभली असती," काकू म्हणाली. "बदलून मिळंल का?"

"नाही आजी," तो माणूस म्हणाला. "पिवळी टोपी सीवर्डची. लाल टोपी व्हँकुव्हरची. तुमची रांग ती तिकडे."

आधी कुणालाच कळलं नाही. मग सुवर्णाताईला कळलं. ती मटकन ट्रॉलीवरच बसली.

"आप्पा!" ती म्हणाली.

"दोघांचं मन राखलं," काका म्हणाला. पण आता त्याचं हसू जरा कमी झालं होतं. कारण काकू त्याच्याकडं बघतच नव्हती. नुसती टोपी हातात घेऊन उभी होती.

सुवर्णाताई धावत जाऊन कंपनीच्या लोकांशी भांडली. तिकिटं काही बदलेनात. पण एक गोष्ट कळली. दोन्ही बोटी केचिकन नावाच्या गावी एकाच दिवशी थांबणार होत्या. नावात चिकन ऐकून काकूनं पदर नाकाला लावला. पण सुवर्णाताई म्हणाली, "आई, नुसतं नाव आहे गं! ऐक. तिथं तू तुझ्या बोटीतून उतर आणि आप्पांच्या बोटीवर जा. त्यांची बोट तिथून बर्फाकडे जाणार आहे. तू एकदा बघितलेला असशील, मग दोघं मिळून परत बघा. मी दोन्ही बोटींना कळवते, की बिराजदार नावाचं एक माणूस बदलणार आहे."

"आन् तोवर मी एकटी बघू?"

"नाइलाज आहे गं आई."

मग ती काकाकडे वळली. "आणि आप्पा, तुम्ही अर्धवट ऐकता, तिथं सगळं चुकतं. यापुढं कुणी काही सांगायला लागलं, तर ते शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय जागचे हलू नका."

"लक्षात ठेवतो," काका म्हणाला.

व्हँकुव्हरला बोटीत चढायची वेळ आली. लाल टोपीवाल्यांचा म्होरक्या कौस्तुभ नावाचा तरुण मुलगा होता. तो म्हणाला, "चला मंडळी." सगळे चालू लागले. तेवढ्यात भोंग्यावर एक बाई काहीतरी सांगू लागली. काका थांबला. बाईचं बोलणं संपलं. मग तीच गोष्ट तिनं दुसऱ्या भाषेत सांगितली. मग तिसऱ्या. मग परत पहिलीत. काकाला एकही भाषा कळत नव्हती. पण शेवटपर्यंत ऐकायचं होतं आणि बाई काही शेवटाला येत नव्हती. कौस्तुभ घामाघूम होऊन परत आला, तेव्हा त्या भल्या मोठ्या दालनात काका एकटाच कान देऊन उभा होता.

"काका! बोटीचं दार मिटतंय! काय ऐकताय?"

"अजून संपलं न्हाई."

कौस्तुभनं त्याला हाताला धरून पळवत नेलं आणि शिडीवर धापा टाकत म्हणाला, "हे बघा काका, हात जोडतो. पहिलं वाक्य कानावर पडलं की उठायचं आणि चालायला लागायचं. पुढचं ऐकत बसायचं नाही!"

"चुकलंच," काका म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

केचिकनला पाऊस होता. काकाची बोट एका धक्क्याला लागली, काकूची दुसऱ्या. मध्ये लाकडी दुकानांचे दोन रस्ते. कौस्तुभनं काकूला फोन लावून काकाच्या हातात दिला.

"महानंदा! बघितलास का बर्फ?"

"बघितला." काकूचा आवाज जड होता. "ह्ये एवढा. आभाळाला टेकलेला. पण शेजारी कोण न्हाई, तर कुणाला 'अगंबाई' म्हणू? एका गोऱ्या बाईलाच म्हणाले. तिला काय कळलं न्हाई." मग तिला इतक्या दिवसांचा राग आला. "जन्मभर मीच तुमच्या मागं आले. एकदा तरी तुमी माझ्याकडं या की!"

काकानं पहिलं वाक्य ऐकलं होतं. खरं तर ते दुसरं किंवा तिसरं होतं, पण त्यात 'या' होतं, म्हणून ते त्यानं पहिलं धरलं. कौस्तुभ बाकीच्यांना छत्र्या वाटत होता, तेवढ्यात फोन बाकावर ठेवून काका उठला आणि चालायला लागला.

तिकडे काकू बोलतच होती. "...असं म्हणणार होते. पण राहू द्या. तुमचा बर्फ बघायचा राहिलाय. तुमी तिथंच थांबा, मी येते."

काका पुढच्या रस्त्यानं गेला. काकू मागच्या रस्त्यानं आली. दोघांच्याही डोक्यावर छत्री, दोघांचीही मान खाली.

काका काकूच्या बोटीशी पोचला. दारावरच्या माणसानं नाव विचारलं. काका म्हणाला, "बिराजदार." बिराजदार नावाचं एक माणूस बदलणार, असा निरोप होताच. त्यानं काकाला आत घेतलं. काकाच्या बोटीवर काकूनं सांगितलं, "बिराजदार." तिलाही आत घेतलं. संध्याकाळी दोन्ही बोटींवर माणसं मोजली. इथून एक गेला होता, इथं एक आली होती. तिथून एक गेली होती, तिथं एक आला होता. दोन्ही कप्तान निर्धास्त झाले. भोंगे वाजले.

काकूनं खोलीचं दार उघडलं. आत शेंगाचटणीचा डबा होता. काका नव्हता.

ती वरच्या मजल्यावर पळाली. समोरून दुसरी बोट उलट्या दिशेनं निघाली होती. तिच्या कठड्याला सगळ्या पिवळ्या टोप्या होत्या आणि मध्ये एकच लाल. लाल टोपी जोरजोरात हात हलवत होती.

"आलो गं! तू म्हणालीस तसं आलो!"

अशा रीतीनं काकू दुसऱ्यांदा बर्फाकडे निघाली, आणि काका बर्फाचा खडासुद्धा न बघता व्हँकुव्हरला परत पोचला. तिथून पिवळ्या टोप्यांना घरी न्यायला विमान होतं. सगळे धक्क्यावर आपापल्या सामानावर बसले होते. तेवढ्यात पिवळ्या टोपीवाल्यांच्या म्होरक्या बाईंचा फोन वाजला. फोन काकूचा होता, म्हणून बाईंनी तो काकाच्या कानाला लावला. ती त्या वेळी पुन्हा त्या बर्फासमोर उभी होती आणि शेजारची जागा तिनं कुणालाच घेऊ दिली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तुमी इथं पाहिजे होता."

हे मात्र अगदी पहिलंच वाक्य होतं. काका उठला आणि चालायला लागला. फोनमध्ये काकू पुढे सांगत होती, की काळजी करू नका, फोटो काढलेत, सरळ घरी जा, मी मागनं येते. ते सगळं बाईंनी ऐकलं. काका तोवर शेजारच्या धक्क्यावर उत्तरेकडे निघालेल्या बोटीच्या शिडीपाशी होता आणि तिथल्या माणसाला विचारत होता, "कुठं चालली? जागा हाय का?" यावेळी मात्र त्यानं बरोबर गाडीला विचारलं होतं. आणि जागा होती.

सुवर्णाताईनं पुण्याहून काकूला कळवलं, "आई, आप्पा पुन्हा वर निघालेत. तू आता सीवर्डला उतर आणि तिथंच थांब. जागची हलू नकोस."

काकू लग्न होऊन आमच्या घरात आली, तेव्हा शहाणी होती असं सगळे सांगतात. पण इतकी वर्षं नांदल्यावर घराचं वळण लागतंच. ती म्हणाली, "जन्मभर वाटच बघितली की गं. ते निघालेत तर मी बसून राहू? मी समोर जाते." आणि तिची बोट सीवर्डहून माघारी निघाली, तेव्हा ती खाली उतरलीच नाही.

मग एका सकाळी धुकं उठलं. बर्फाचा तो प्रचंड कडा समोर होता. निळा, आभाळाला टेकलेला, अजिबात न वितळलेला. त्याच्यासमोर दोन बोटी येऊन थांबल्या, एक वर जाणारी आणि एक खाली येणारी. दोन्ही बोटींवरची झाडून सगळी माणसं बर्फाकडे तोंड करून उभी होती. दोनच माणसं बर्फाकडे पाठ करून एकमेकांकडे बघत होती.

"महानंदा! बर्फ कसा हाय?" काका ओरडला.

"अगंबाई!" काकू ओरडली. इतक्या दिवसांनी तिला ते म्हणायला माणूस मिळालं होतं. मग मधल्या पाण्याचं भान तिला राहिलं नाही. दोन्ही हात पुढे करून ती म्हणाली, "अहो, असं लांब काय उभं राहिलाय? या की इकडं, माझ्याशेजारी!"

काकानं पहिलं वाक्य ऐकलं. लाल टोपी नीट बसवली, धोतराचा सोगा खोचला, एक पाय कठड्यावर टाकला, आणि

"अगं ए वैजू! कुणाशी कुजबुजतीयास? दूध उतू चाललं बघ!"

आले, आई! कुणाशी नाही गं, मी नुसतं